आळ तळ्यावर, डास घरात

भोपाळ शहराची कथा खाजेपासून सुरू होते असे आम्ही म्हटले तर वाचकांस नवल वाटेल. अकराव्या शतकात माळव्यावर राज्य करणाऱ्या राजा भोजास त्वचेचा दुर्धर विकार जडला, राजवैद्यांचे इलाज थकले, तेव्हा ३६५ ओढ्यांचे पाणी एका ठिकाणी आणून त्यात स्नान करावे असे एका साधूने त्यास सुचविले आणि राजाने कोलांस नदीस बांध घालून अफाट तळे निर्माण केले, अशी दंतकथा आहे. साधूविषयी खात्री कोणी द्यावी? तळे मात्र आजही आहे. भोपाळकर त्यास ‘बडा तालाब’ म्हणतात, त्याचे पाणी पितात, आणि तळे म्हणजे भोपाळचेच, बाकी सारी डबकी, अशी बढाईही मारतात. त्याला लागूनच १७९४ साली बांधलेले धाकटे तळे आहे. २००२ साली ही दोन्ही तळी मिळून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नोंदली गेली.

राजाची खाज तळ्याने घालविली, असे दंतकथा म्हणते. प्रजेच्या खाजेचे खापर मात्र त्याच तळ्यावर फोडले जाते. डास वाढले की बोट दाखवावयाचे ते मोठ्या पाण्याकडे, ही माणसाची जुनी खोड आहे. वसईत ते खाडीकडे व मिठागराकडे दाखवितात, भोपाळात तळ्याकडे. हा आळ कितपत खरा आहे हे तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण दोष चुकीच्या पाण्यास दिला की खरे पाणी तसेच राहते, आणि त्याची किंमत पुष्कळदा घरातील लहान मूल मोजते.

भोपाळ आमच्या वाचकांना अगदीच परके नाही. १९५६ साली ते मध्य प्रदेशाची राजधानी झाले, त्याच साली विजेची अवजड यंत्रे बनविणारा सरकारी उद्योग तेथे उभा राहू लागला, आणि महाराष्ट्रातून, विशेषतः विदर्भातून, कित्येक मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झाली. १९६३ साली भोपाळचा महाधर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले आर्चबिशप युजीन डिसोझा हेही नागपूरहूनच तेथे गेले. हवामानही ओळखीचेच: कडक उन्हाळा, चार महिने पाऊस, आणि पाऊस ओसरताच तापाचे दिवस. तेव्हा भोपाळविषयी येथे जे लिहिले आहे ते नगर जिल्ह्यातील किंवा वसईतील घरासही थोड्याफार फरकाने लागू पडेल.

पूर्वीच्या काळी तर डासावर कोणाचा संशयच नव्हता. ‘मलेरिया’ ह्या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’ असा आहे. रोमच्या भोवतालच्या दलदलीतून दूषित हवा उठते व माणसास हिवताप होतो, असे शतकानुशतके मानले जाई. त्या तापाने यात्रेकरू मेले, धर्मगुरू मेले, १६२३ सालच्या पोप-निवडणुकीस जमलेल्या कार्डिनलांपैकीही काहीजण दगावले. सतराव्या शतकात येशूसंघीय धर्मगुरूंनी पेरू देशातून सिंकोना झाडाची साल रोमला आणली आणि कार्डिनल जुआन दे लुगो ह्यांनी ती गोरगरिबांस फुकट वाटली. त्या सालीतील क्विनीनने ताप उतरू लागला, पण तो येतो कोठून हे कोणास कळले नाही. रोमजवळच्या त्रे फोंताने मठातील ट्रॅपिस्ट संन्याशांनी १८६८ नंतर हवा शुद्ध व्हावी म्हणून निलगिरीची शेकडो झाडे लावली. कष्ट प्रामाणिक होते, रोख चुकीच्या दिशेने होता.

उलगडा झाला तो आपल्याच देशात. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस ह्या लष्करी डॉक्टरांस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. हा डास हुसेन खान नावाच्या एका रुग्णाचे रक्त प्यालेला होता. डास चावू देण्याबद्दल त्या गरीब माणसास दर डासामागे एक आणा मिळत असे. रॉस ह्यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खानाच्या आण्यांची आठवण फार थोडे काढतात.

आता भोपाळच्या तळ्याकडे वळू. डासाच्या अळीस संथ पाणी लागते. ती पृष्ठभागाशी येऊन हवा घेते; लाटा तिला स्थिर राहू देत नाहीत आणि मासे तिला खाऊन टाकतात. त्यामुळे वाऱ्याने हेलकावणारे विस्तीर्ण तळे हे डासांचे पाळणाघर होऊ शकत नाही. तळ्याचा काठ जेथे जलपर्णीने गच्च भरला आहे, किंवा सांडपाण्याचा नाला जेथे येऊन तुंबला आहे, तेथली गोष्ट निराळी. तेथे डास होतात हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कोणते डास?

आपल्याकडे तीन जातींशी मुख्य गाठ पडते. घाण पाण्यात, गटारात व शौचकुपात वाढणारा तो क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणून झोपमोड करणारा बहुधा हाच, आणि हत्तीरोगही हाच पसरवितो. हिवताप पसरविणारा तो अ‍ॅनोफिलीस. बसताना शेपटीकडील अंग वर उचलून तिरका बसतो. त्याची एक जात खेड्यात ओढ्याच्या व शेताच्या पाण्यात वाढते, तर दुसरी शहरात विहिरी व टाक्यांत. तिसरा एडिस: काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला, मुकाट्याने व दिवसाढवळ्या चावणारा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. डेंग्यू व चिकनगुन्या हे ताप त्याचे. हा डास गटारात सहसा जात नाही. त्यास आपण भरून ठेवलेले स्वच्छ पाणी हवे असते. शिवाय तो फार दूर उडत नाही. बहुतेक सारे आयुष्य शेदोनशे मीटरांच्या परिघात काढतो. म्हणजे ज्या घरात डेंग्यू शिरला, तेथला डास बहुधा त्याच घरी किंवा शेजारी जन्मला होता. तळ्यावरून तो आलेला नाही.

मग भोपाळात तो जन्मतो कोठे? पहिले नाव कूलरचे. एप्रिल-मे महिन्यांत तेथे पारा ४० अंशांवर जातो आणि घरोघरी खिडकीत कूलर घरघरू लागतात. जूनच्या अखेरीस पाऊस येतो, गारवा होतो, कूलरचे बटण बंद होते. परंतु तळाशी चार बोटे पाणी तसेच राहते. घरातील कोणीही त्यानंतर पुढील उन्हाळ्यापर्यंत त्या पेटीत डोकावून पाहत नाही. दुसरे, पाणी साठविण्याची भांडी. जेथे नळास ठरावीक वेळच पाणी येते तेथे गृहिणीने पिंपे, हौद, रांजण भरून ठेवू नयेत तर काय करावे? गरिबाच्या घरी पिंप आणि संपन्नाच्या घरी कूलर व शोभेच्या कुंड्या, एवढाच काय तो फरक. शिवाय फ्रीजच्या मागील तबकडी, बाटलीत लावलेला मनीप्लँट, गच्चीवर टाकलेले टायर, अंगणातील करवंट्या, पक्ष्यांसाठी ठेवलेले परळ, गुरांची दोण. एक बाटलीभर पाणीही त्यास पुरते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. एडिसची मादी अंडी पाण्यात टाकीत नाही. पाण्याच्या कडेस, भांड्याच्या ओलसर भिंतीवर चिकटविते. भांडे रिकामे होऊन वाळले तरी ती अंडी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. म्हणून पाणी नुसते ओतून देणे पुरेसे नाही. आतल्या भिंती काथ्याने किंवा ब्रशाने खरडून घासाव्या लागतात, आणि कूलर माळ्यावर चढविण्यापूर्वी घासून वाळवावा लागतो. अंड्यापासून उडता डास व्हावयास उष्ण दिवसांत सात ते दहा दिवस लागतात. आरोग्यखाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगते त्याचे कारण हेच. रविवारच्या मिस्सासाठी शनिवारी कपडे धुऊन घर आवरण्याची रीत आपल्या कुटुंबांत आहेच. भांडी रिकामी करून घासण्याचे काम त्याच दिवशी उरकावे. अळ्यांचे पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर ओतावे, म्हणजे त्या मरतात. जो हौद रिकामा करणे शक्य नाही त्यावर घट्ट झाकण किंवा कापड बांधावे, आणि विहिरीत गप्पी मासे सोडावेत. ते प्राथमिक आरोग्य केंद्रातून मागवावेत. मोठ्या नैसर्गिक तलावात वा नदीत मात्र हे परके मासे सोडू नयेत, तेथील मूळच्या माशांस त्यांचा उपद्रव होतो.

पाण्याशी माणसाची श्रद्धा गुंतलेली असली की काम अवघड होते, हे मुंबईने शंभर वर्षांपूर्वी अनुभवले. डॉ. बेंटली ह्यांनी १९११ साली मुंबईच्या हिवतापाचा अहवाल सादर केला, तेव्हा दोष सापडला तो शहरातील घरोघरच्या विहिरींत. त्या बुजवाव्यात किंवा झाकाव्यात असे ठरताच हिंदू व पारशी बांधवांनी हरकती घेतल्या. पूजेस व विधींस विहिरीचेच पाणी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना हसण्याचा अधिकार आपणांस नाही. आपल्या देवळाच्या दाराशी तीर्थाचे पात्र असते, ग्रोटोत पवित्र मरियेच्या पायाशी फुलदाण्या असतात, घरातील वेदीवर लूर्डचे किंवा वेलंकनीचे पाणी वर्षानुवर्षे बाटलीत असते. बाटलीस बूच असेल तर भय नाही. उघड्या पात्राविषयी मात्र डास भक्तिभाव दाखवीत नाही. जुन्या विधीत तीर्थात चिमूटभर आशीर्वादित मीठ घालीत असत, पण तेवढ्या मिठाने अळी मरत नाही. दर आठवड्यास ते पाणी रीतीप्रमाणे मातीत विसर्जन करून पात्र घासावे. सॅक्रिस्टनने हे काम केल्यास कोणत्याही धर्मगुरूंचा आक्षेप असणार नाही.

इतके केले तरी डास चावणारच. चावते ती मादी. अंडी घालण्यासाठी तिला रक्त हवे असते, नर बिचारा फुलांच्या रसावर राहतो. रक्त गोठू नये म्हणून मादी आपली लाळ कातडीत सोडते; आपले शरीर त्या परक्या लाळेशी झुंजू लागते, त्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य सुटते, आणि गांधी उठून खाज येते. “ह्याचे रक्त गोड, म्हणून ह्यालाच चावतात” असे आजी म्हणते. खरे कारण श्वासातील कर्बवायू, अंगाची ऊब व घामाचा वास हे आहे, आणि ते प्रत्येकाचे वेगवेगळे असते.

खाजेवर उपाय साधे आहेत. चावलेली जागा साबणपाण्याने धुवावी. थंड पाण्याची पट्टी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा. खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून लावला तरी चालतो, किंवा औषधाच्या दुकानात मिळणारे कॅलामाइन लावावे. खाज फारच असह्य असेल तर डॉक्टरांस विचारून गोळी घ्यावी. चुना, रॉकेल, दंतमंजन लावण्याची पद्धत काही घरांत आहे. त्याने कातडी भाजते, दुसरे काही होत नाही. दुकानदाराने दिलेली कोणतीही ट्यूब चोळण्याची सवय त्याहून वाईट. त्यांतील पुष्कळांत स्टिरॉइड असते, आणि जागा गजकर्णाची असेल तर दबल्यासारखी दिसून पुढे पसरते.

खाजविणे हाच खरा शत्रू. मुलांची नखे कापलेली असावीत असे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण मातीत खेळलेल्या नखांनी गांधी फुटली की तीत जंतू शिरतात, पू होतो, पिवळी खपली धरते. आपल्याकडे त्यास क्षुल्लक समजतात. परंतु त्यांतील स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूंमुळे काही मुलांस दोन-तीन आठवड्यांनी मूत्रपिंडाची सूज येते: सकाळी तोंड सुजलेले दिसते, लघवी कमी व तांबूस होते. असे दिसताच मुलास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

डेंग्यूविषयी तर आईबापांनी एक गोष्ट पाठच करावी. एकाएकी भरलेला ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंग मोडून येणे, अंगावर पुरळ, अशी त्याची सुरुवात असते. तापास पॅरासिटामॉल द्यावे. अ‍ॅस्पिरिन व आयब्युप्रोफेन मुळीच देऊ नये, रक्तस्रावाचे भय असते. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरातील माणसे देवाचे आभार मानून निर्धास्त होतात, आणि संकट येते ते नेमके तेव्हाच. ताप उतरल्यावर पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, मूल अस्वस्थ किंवा सुस्त होणे, ह्यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचा विलंब न लावता रुग्णालय गाठावे. पपईच्या पानांचा रस पाजीत घरी वाट पाहणे जिवावर बेतू शकते. ज्यास पूर्वी एकदा डेंग्यू होऊन गेला आहे त्याने अधिकच जपावे. ह्या रोगाचे चार प्रकार आहेत, आणि दुसऱ्या प्रकाराचा दुसरा हल्ला पुष्कळदा पहिल्याहून कठीण असतो.

“इतका खटाटोप कशास, एखादे जालीम औषध फवारून टाकावे की झाले,” असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आपल्या देशाने ते करून पाहिले. १९५३ साली हिवताप नियंत्रणाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, गावोगाव डी.डी.टी. मारली गेली, आणि स्वातंत्र्यापूर्वी वर्षाला साडेसात कोटी असलेले रुग्ण १९६५ च्या सुमारास लाखभरावर आले. हे यश थोर होते, ते विसरू नये. पण डास त्या औषधास सरावला, कामात ढिलाई आली, आणि १९७६ साली रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली.

आणि विषाविषयी लिहिताना भोपाळचे नाव घेऊन पुढे जाता येत नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि झोपेत असलेल्या वस्त्यांतील हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तो कारखाना पिकांवरील किडी मारण्याचे औषध बनवीत असे. डासांच्या औषधाशी त्याचा संबंध नव्हता, आणि आरोग्यखात्याने रोगाच्या साथीत केलेली बेताची फवारणी वाईट असे आम्ही म्हणत नाही. ती होऊ द्यावी, दारे उघडावीत. परंतु घराच्या चार भिंतींत रोज विषाची मात्रा वाढवीत जाणे आम्हांस पसंत नाही. डास घालविण्याच्या कॉइलचेच पाहा: एक कॉइल पूर्ण जळली म्हणजे ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूरकण हवेत मिसळतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. दार लावून तान्ह्या मुलाच्या उशाशी ती रात्रभर जाळणे योग्य नव्हे. कडुनिंबाच्या पाल्याच्या धुराचीही तीच कथा. दम्याच्या रोग्यास तो सोसत नाही.

त्यापेक्षा मच्छरदाणी केव्हाही बरी. आपल्या आज्यांची ही वस्तू पंख्यांच्या काळात माळ्यावर गेली, ती खाली उतरवावी. मात्र एडिस दिवसा चावतो, म्हणून दुपारी पाळण्यात निजलेल्या बाळावर ती रात्रीइतकीच अवश्य घालावी. अंगास लावावयाची मलमे मोठ्यांस चालतात; दोन महिन्यांखालील बाळास लावू नयेत.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. संध्याकाळी शेजारी-पाजारी अंगणात जमतात, आणि पोरे एका हाताने मणी ओढतात व दुसऱ्याने पोटऱ्यांवर थपडा मारतात. त्यांना लांब बाह्यांचे सदरे व विजारी घालाव्यात, पंखा मधोमध ठेवावा. डास दुबळा उडतो, पंख्याच्या वाऱ्यात त्यास नीट बसता येत नाही.

त्यापुढे येतो २ नोव्हेंबर, मृत भक्तजनांचा दिवस. पाऊस नुकताच संपलेला असतो, डेंग्यूचे रुग्ण अजून रुग्णालयांत असतात, आणि त्याच सुमारास आपण दफनभूमीत जाऊन प्रत्येक कबरीवर पाणी भरलेल्या बरण्यांत झेंडू व शेवंती ठेवून येतो. अर्जेंटिना देशाची राजधानी ब्वेनोस आयरिस येथील दफनभूमींतील फुलदाण्या संशोधकांनी तपासल्या, तेव्हा त्यांत एडिसच्या अळ्या सापडल्या. भोपाळात काय किंवा आपल्या गावात काय, निराळे होण्याचे कारण नाही. फुले वर्ज्य करा असे कोणी सांगणार नाही. बरणीत पाण्याऐवजी ओली वाळू भरावी. देठास ओल मिळते, फुले टिकतात, आणि अळीस पोहावयास जागा राहत नाही. ज्यांना वाळू मिळणार नाही त्यांच्यासाठी दिवसांचा हिशेब सोपा आहे. मृतांसाठी दंडमुक्ती मिळविण्याच्या दफनभूमीच्या भेटी १ ते ८ नोव्हेंबरपर्यंत चालतात, आणि अंड्याचा डास व्हावयासही तितकेच दिवस लागतात. आठ तारखेस शेवटची प्रार्थना म्हणून निघताना आपल्या कबरीवरील बरणी मातीवर पालथी करावी, आणि शेजारच्या ज्या कबरीवर आता कोणी येत नाही, तिच्यावरीलही.